लांब श्वास

झाकण पडलं. ओट्याच्या कडेला कलतं ठेवलेलं स्टीलचं झाकण, कुणी हात लावला नव्हता, आपसूक घसरलं आणि फरशीवर गरगरत राहिलं, आधी मोठ्या घेरात, मग लहान, मग आणखी लहान, शेवटी थरथरून बसलं. शनिवारची सकाळ होती. वीज गेल्यामुळे पंख्याचाही आवाज नव्हता. सुशांत रात्रपाळी करून आत झोपला होता आणि विनिता तव्यावर धिरडं टाकत होती. तिने सवयीने एक लांब श्वास घेतला. नाकाने आत, पोट भरेपर्यंत. क्षणभर आतच ठेवला. मग ओठांच्या फटीतून हळूहळू बाहेर. एवढंच. झाकण उचलायला ती वाकली, तर बाहेरच्या खोलीतून मैथिलीचा आवाज आला, अगदी बारीक, भिंतीला सांगावं तसा.

"मी नाही पाडलं."

विनिता दारात येऊन उभी राहिली. तिची चार वर्षांची मुलगी चटईवर मांडी घालून बसली होती. मघाशी खोलीभर पसरलेले खडू डब्यात गेले होते. केव्हा गेले, कसे गेले, एकाही खडूचा आवाज झाला नव्हता. डावा हात पोटावर, उजवा हात त्याच्यावर, आईच्या बालवाडीच्या वर्गात शिकवलाय तसा. फक्त डोळे मिटलेले नव्हते. डोळे विनिताच्या खांद्यांवर होते. तू पाडलंस असं कोण म्हणालं, विनिताने हसून विचारलं. तू, मैथिली म्हणाली. मी कुठे काय बोलले? तेव्हा मैथिलीने ते करूनच दाखवलं. तिने नाकपुड्या ताणल्या, जबडा आवळला, खांदे किंचित वर घेतले आणि लांब श्वास ओढून हळूहळू सोडला. मुलांची नक्कल खोटी नसते, त्यांना खोटी करता येत नाही. त्या इवल्याशा तोंडावर, कानाखाली उठलेल्या त्या गाठीत, विनिताला अण्णा दिसले. तिचे वडील. मैथिलीच्या जन्माआधीच गेलेले, तिने फोटोतसुद्धा नीट न बघितलेले अण्णा.

धिरडं करपलं. वासाने सुशांत उठून आला, डोळे चोळत, लुंगी सावरत. विनिताने त्याला हलक्या आवाजात सगळं सांगितलं, आणि सांगतानाच तिला कळलं की सांगण्यासारखं त्यात फार काही नाही. झाकण पडलं, मी श्वास घेतला, ती म्हणाली मी नाही पाडलं. सुशांत हसला. नक्कल करते गं ती, परवा शेजारच्या काकूंसमोर माझं घोरणं करून दाखवलं तिने, शिट्टीसकट, असं म्हणाला. मग उलथन्याने तवा खरवडत, पाठमोराच म्हणाला, की उगाच मनाला लावून घेऊ नकोस, या अख्ख्या मजल्यावर पोरांवर न ओरडणारी बाई तू एकटीच आहेस. ते खरं होतं. गेली दीडेक वर्षं ती त्या एका वाक्यावरच तर जगत होती.

ती मैथिलीची वेणी घालायला बसली आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला आपला श्वास ऐकू येतोय. कंगवा गुंत्यात अडकला. एरवी अशा वेळी ती थांबायची, श्वास घ्यायची, मग गुंता सोडवायची. आता ती थांबली आणि श्वास घेता येईना. घ्यावा तर पोरीची मान ताठ होणार. न घ्यावा तर छातीत काहीतरी साचत चाललं होतं. तिने थोडा घेतला, चोरून, गरम चहाचा घोट घेतल्यासारखा. मैथिली हलली नाही. गुंता ओढला गेला, दुखलं असणार, तरी हलली नाही. किती गुणी पोर, असं सगळे म्हणतात. विनितालाही तसंच वाटत आलं होतं. आरडाओरडा नाही, हट्ट नाही, दुकानासमोर लोळण नाही. आता तिच्या बोटांना त्या गुणीपणाचा कडकपणा लागत होता, रिबिनीखाली, मानेच्या मागच्या त्या दोन शिरांत.

शहाडला, स्टेशनच्या पलीकडे, कारखान्यातल्या कामगारांच्या बैठ्या घरांत ती वाढली. उल्हास नदी तिथून जवळ, पण नदीचा आवाज ऐकल्याचं तिला आठवत नाही, कारण संध्याकाळ झाली की तिचे कान दुसऱ्याच कामाला लागलेले असायचे. अण्णांची सायकल गल्लीत वळली की आधी साखळीची किरकिर, मग चपला घासल्याचा आवाज, मग सायकल स्टँडवर चढवतानाचा लोखंडी खटका. खटका जोरात झाला की आई गॅस बारीक करायची आणि विनिता पुस्तक पुढे ओढायची. पण खटक्यावरून दर वेळी कळायचंच असं नाही. अण्णा आत येऊन खुर्चीत बसायचे, पाणी प्यायचे, आणि काहीच बोलायचे नाहीत. नाकातून एक श्वास सोडायचे फक्त. मग घर थांबायचं. अण्णा रोज ओरडायचे नाहीत. हे कुणाला सांगितलं तर पटत नाही, पण तेच जास्त वाईट होतं. ओरडले की भांडी आपटायची, आई रडायची, शेजारचा रेडिओ मोठा व्हायचा, आणि मग केव्हातरी ते सगळं संपायचं. संपलं की अण्णा तिला हाक मारून खिशातले शेंगदाणे द्यायचे, आई गुणगुणत भाकऱ्या थापायची, आणि विनिताला गाढ झोप लागायची. न ओरडलेली संध्याकाळ मात्र संपायची नाही. ती दुसऱ्या दिवसात शिरायची, तिच्याबरोबर शाळेत यायची, गणिताच्या तासाला बाकावर शेजारी येऊन बसायची. आज शांत आहेत हो, असं आई खडवलीच्या मावशीला सांगायची, आणि विनिता त्या शांततेच्या काठाशी पाय मुडपून बसायची. आपल्या घरात कुणी ओरडणार नाही, हे तिने कुठे बसून ठरवलं ते तिला आठवत नव्हतं. पण ते पक्कं होतं, उंची ठरलेली असावी तसं.

मग मैथिली झाली, आणि एका दुपारी मैथिलीने भाताची वाटी तिसऱ्यांदा उलथली तेव्हा विनिताच्या गळ्यापर्यंत अण्णांचा आवाज आला. आवाज तिचा नव्हता, तो जाड होता, पुरुषी होता, आणि तो बाहेर पडणारच होता. तिने बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. त्याच महिन्यात, ती शिकवायची त्या बालवाडीच्या संस्थेने शिक्षिकांना कल्याणला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे सांगितलं, राग आला की तो शरीरात कुठे येतो ते बघा. कुणी म्हणालं डोक्यात, कुणी म्हणालं हाताला मुंग्या येतात. विनिता म्हणाली, जबड्यात. बोलेपर्यंत तिलाच ते माहीत नव्हतं. पोट फुगू द्या, आत ठेवा, लांब सोडा. आणि खरंच, अण्णांचा आवाज वर आला की श्वासाचं वजन त्याच्यावर ठेवता यायचं आणि तो खाली बसायचा. तिला वाटलं, सापडलं. शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, तुझ्यात उपजतच एक स्थिरता आहे, किती नीट ऐकतेस तू. ती खूश झाली होती. एवढं ऐकायला तू कुठे शिकलीस, हे कुणी विचारलं नाही.

बालवाडी वर्तकनगरच्या जुन्या वसाहतीत होती, तळमजल्यावरच्या दोन खोल्या. तिथे विनिता हाच श्वास शिकवायची; संस्थेच्या पत्रकात या उपक्रमाला सजगता म्हणत. मुलांच्या आया त्याला श्वासाचा क्लास म्हणत. मंगळवारी नुसती मुलं, आणि शनिवारी मुलं आणि त्यांना सांभाळणारी माणसं: आई असेल तर आई, नाहीतर आजी, नाहीतर कुणी मावशी. मुलांना झोप नीट लागावी, खाताना कटकट कमी व्हावी, मोठ्यांचं ब्लड प्रेशर जागेवर राहावं, असे त्यामागचे साधेच हेतू होते, आणि काही घरांत ते थोडेफार साधलेही होते. आज मृणालताई बघायला येणार होत्या. त्या संस्थेचं हे काम सांभाळत, आणि आजचा वर्ग बरा झाला तर डोंबिवली-कल्याणच्या बालवाड्यांतल्या शिक्षिकांना हे शिकवायला विनिताला नेमायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. कालपर्यंत विनिताला आजच्या दिवसाची धास्ती होती ती एवढ्याचीच. आता मैथिलीचं बोट धरून मेट्रोच्या कामाभोवती लावलेल्या पत्र्यांच्या कडेकडेने जाताना धास्ती दुसरीच होती आणि ती चपलेत शिरलेल्या खड्यासारखी प्रत्येक पावलाला लागत होती. माझी मुलगी मला घाबरते का? नुसतं एवढंच. ज्याला हो किंवा नाही असं उत्तर असतं असा प्रश्न. आणि तो जिला विचारायचा ती शेजारून उड्या न मारता चालत होती, सरळ, आईच्या पावलात पाऊल ठेवून.

वर्गात सतरंज्या घातलेल्या होत्या. मुलं रद्दीच्या कागदाच्या होड्या करत होती. ती विनिताची स्वतःची युक्ती होती. मुलांनी उताणं झोपायचं, पोटावर होडी ठेवायची आणि नुसतं बघायचं, समुद्र वर आला, समुद्र खाली गेला. श्वासाकडे लक्ष द्या म्हटलं तर चार वर्षांचं पोर छताकडे बघतं, पण होडी म्हटली की बघतं. मृणालताई मागच्या भिंतीशी छोट्या खुर्चीवर अवघडून बसल्या होत्या. बायकांचं हसणं-बोलणं चाललं होतं. मागच्या शनिवारी विनिताने सगळ्यांना घरचा अभ्यास दिला होता, पोर जेवत नाही तेव्हा तुमच्या शरीरात काय होतं ते बघून या. एक आजी म्हणाली की ती श्वासाबरोबर मनात देवाचं नाव घेते, चालेल ना. चालेल, म्हणाली विनिता. एक तरुण आई म्हणाली, माझा हात शिवशिवतो, आणि सगळ्याजणी हसल्या. डॉरिस आजी सगळ्यांत शेवटी बोलल्या. साठी उलटलेल्या, भरदार, खाडीकाठच्या आपल्या गावातून नातवासाठी लेकीकडे राहायला आलेल्या. लेक आणि जावई दोघं नोकरीला, त्यामुळे ॲड्रियन दिवसभर त्यांच्याच पदरात. त्या म्हणाल्या, "बाय, मी बघायला बसले शरीरात काय होतं ते, तवर ह्याने मासा खाल्ला सगळा आणि काटा मला ठेवला." मृणालताईसुद्धा हसल्या. मैथिली हसली नाही. ती आपली होडी पोटावर सरळ करत होती.

सगळी मुलं आडवी झाली. मोठ्या माणसांनी भिंतीला पाठी टेकल्या. विनिताने पितळी वाटीवर लाकडी दांडी हलकेच टेकवली, आवाज खोलीभर पसरला आणि विरत गेला, आणि जसा ज्याला ऐकू यायचा बंद झाला तसं एकेका मुलाने बोट वर केलं. यानंतर दर शनिवारी बाई एक लांब श्वास घेऊन दाखवायच्या, सगळ्यांना ऐकू जाईल असा, आणि मग होड्या निघायच्या. खोली थांबली. पंधरा-वीस पोटं, त्यांच्यावर कागद. विनिताने खांदे सैल सोडले, तोंड मिटलं, आणि तिची नजर मैथिलीवर गेली. बाकीची मुलं आपापल्या होडीकडे बघत होती. मैथिली होडीवरून आईकडे बघत होती. तिच्या खांद्यांकडे. आणि तिच्या पोटावरची होडी हलत नव्हती. एका बाजूला छापलेली कसलीशी जाहिरात, अर्धी बाई, अर्धा पलंग, आणि ती होडी टेबलावर ठेवल्यासारखी स्थिर. पोरीने श्वास धरून ठेवला होता.

विनिताने घेतला नाही. घेता येईना असं नव्हे. छाती मागत होती, नाकाशी हवा होती, समोरून मृणालताईंची नजर जाणवत होती. पण तिला दिसत होतं की हा श्वास घेतला तर या खोलीतली सगळी मुलं शांत होतील आणि एक मूल खडू गोळा करू लागेल. त्या दोघी, आई आणि लेक, सगळ्या खोलीच्या डोक्यावरून एकमेकींकडे बघत श्वास धरून होत्या. कितीतरी वेळ गेल्यासारखं वाटलं. तिला अचानक आपली आई दिसली, शहाडच्या स्वयंपाकघरात, गॅस बारीक केलेला हात तसाच बटणावर ठेवून उभी, कान बाहेर. आणि आईच्या पदराआडून बघणारी स्वतः. आणि तिच्याही पोटावर काही ठेवलं असतं तर ते हललं नसतं. विनिताच्या कानांत दडे बसले. मग ती कशीबशी म्हणाली, "आज मी नाही दाखवणार. आज तुम्ही कुणीतरी सुरू करा." बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. डॉरिस आजींनी, शाळेत बाईंनी नाव पुकारल्यावर व्हावं तसं, ताठ बसून असा काही श्वास ओढला की लोहाराच्या भात्यासारखा आवाज झाला, आणि सोडताना ठसका लागला. मुलं खदखदून हसली. होड्या उसळल्या, कलल्या, पडल्या. "अरे, समुद्र आहे की वादळ?" आजी खोकता खोकता म्हणाल्या. मैथिलीही हसली. तोंड उघडून, दात दाखवून, अंग हलवून हसली, आणि तिची होडी सतरंजीवर पडली, आणि ती उचलायची घाई तिने केली नाही. विनिताला कधी नव्हे तो तिचा मत्सर वाटला. तिचा, की डॉरिस आजींचा, हे तिला ठरवता आलं नाही.

वर्ग संपल्यावर मृणालताईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. बाईने मागे सरकून वर्ग बायकांच्या हातात सोपवायचा, हे आम्ही ट्रेनिंगमध्ये सांगून सांगून थकतो आणि तू ते आज किती सहज केलंस, असं त्या म्हणाल्या. पुढच्या महिन्यापासून डोंबिवली, मग कल्याण, तुलाच द्यायचं. विनिताला वाटलं, आता सांगावं. तिने विचारलं, "ताई, आपला श्वासच मुलाला राग वाटायला लागला तर?" मृणालताईंनी मान तिरकी करून विचार केला. चांगला मुद्दा आहे, म्हणाल्या, मग त्या घरात सराव आणखी वाढवायला हवा. त्या मनापासून म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही खोटं नव्हतं. सोमवारी कळवते, एवढं म्हणून तिने वाटी आणि दांडी फडक्यात गुंडाळली. मैथिली सतरंजीची एक बाजू धरून उभी होती, घडी घालायला मदत म्हणून, कुणी न सांगता.

बाहेर ऊन तापलं होतं. येऊरच्या डोंगरावर धूळ बसल्यासारखी दिसत होती. फाटकाशी डॉरिस आजी पर्समधून छत्री काढत होत्या तेवढ्यात ॲड्रियन त्यांचा हात सोडून रस्त्याकडे धावला, थेट पत्र्यांच्या फटीकडे, जिथून आतली मशिनं दिसतात. एक टेम्पो करकचून थांबला. आजी अशा ओरडल्या की वरच्या गॅलरीतून दोघी-तिघी डोकावल्या. "मेल्या, जीव घेशील माझा! ये इकडे, तंगडी मोडते तुझी!" त्याला दंडाला धरून त्यांनी मागे खेचलं, पाठीत एक धपका दिला, आणखी दोन शब्द टेम्पोवाल्याला ऐकवले. ॲड्रियनने भोकाड पसरलं. मग आजींनी पदराने त्याचं नाक पुसलं, त्याच्याकडे नीट बघितलं, आणि त्यांनाच हसू आलं. नाक बघ, म्हणाल्या, नाक आहे की नळ. तोही रडता रडता हसला. दोघं छत्रीखाली चालायला लागले, तो पुन्हा काहीतरी विचारत, त्या पुन्हा काहीतरी सांगत. विनिताच्या छातीत इतका वेळ अडलेलं सगळं वर आलं होतं आणि तिने ते लांब सोडलं, आणि सोडून झाल्यावर तिला कळलं की मैथिलीचा हात आपल्या हातात घट्ट झालाय.

ती थांबली. बंद दुकानाच्या पायरीवर सावली होती, तिथे बसली आणि मैथिलीला समोर उभं केलं, तोंडाशी तोंड येईल असं. पोरीच्या कपाळावर घाम होता, रिबीन सुटत आली होती. सांगायला काय अवघड आहे, विनिताला वाटलं. मोठ्या बायकांना मी दर शनिवारी सांगते, मुलांशी सरळ बोला, त्यांना कळतं. तरी तिला शब्द शोधावे लागले, आणि सापडले ते अगदीच लहान होते.

"मैथू, सकाळी मी रागावले नव्हते."

मैथिलीने आईच्या खांद्यांकडे पाहिलं. तिला ते खरं वाटलं नव्हतं हे दिसत होतं, आणि खोटं म्हणायचं नव्हतं हेही.

"आत्ता पण नाही. मी तुझ्यावर कधी ओरडले आहे का? सांग बरं."

"नाही."

"कधी मारलं?"

"नाही."

"मग?"

मैथिलीने विचार केला. विचार करताना ती खालचा ओठ आत ओढते, ते सुशांतचं. तिने रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं, जिथे ती छत्री अजून दिसत होती, एका बाजूला झुकलेली, कारण खालचं पोर आता उड्या मारत होतं.

"ॲड्रियनची आजी ओरडली," ती म्हणाली.

"हो."

"मग हसली."

"हो, हसली."

मैथिलीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, हळूच, झोपलेल्या माणसाला उठवताना ठेवावा तसा. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. खूप वेळ थांबलेलं माणूस बसच्या रांगेत शेजारच्याला विचारतं, तसं तिने विचारलं.

"आई, तू कधी ओरडणार?"